नेटपलीकडे वेस्निना

(दृश्य: संध्याकाळचं सेंटर कोर्ट. बेसलाइनजवळचं गवत झिजून खालची माती दिसतेय. सुरुवातीला फक्त चेंडूचा आवाज.)

११ जुलै २०१५. विम्बल्डन.

या कोर्टवर आज दोन अंतिम सामने होऊन गेलेत. महिला एकेरी सेरेना विल्यम्सनं जिंकली, पुरुष दुहेरीचा निकालही लागला. तिसरा सामना महिला दुहेरीचा, आणि उजेड चाललाय.

तिसरा सेट. फलकावर ५-२. पुढे आहेत रशियाच्या एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना वेस्निना. त्यांना आणखी एक गेम मिळाला की संपलं. मागे आहेत सानिया मिर्झा आणि स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगीस. पहिला सेट ५-७ असा गेला, दुसरा कसाबसा टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ नंतरच्या निर्णायक गेममध्ये, ओढून आणला, आणि आता ही अवस्था. भारतात मध्यरात्र उलटून गेलीय. टीव्ही बंद करून झोपायला गेलेल्यांना दोष देता येणार नाही.

या चौघींतल्या वेस्निनाकडे नीट बघा. सानियाच्या गोष्टीत ती पुन्हा पुन्हा येते, आणि पहिल्यांदा येते ती सानियाची जोडीदार म्हणून.

(दृश्य: पॅरिस. लाल माती, बुटांचे ठसे.)

२०११. फ्रेंच ओपन, महिला दुहेरीचा अंतिम सामना. नेटच्या एकाच बाजूला सानिया आणि वेस्निना. त्याच वर्षी दोघींनी अमेरिकेतली इंडियन वेल्सची स्पर्धा जिंकलेली, चार्ल्सटनची जिंकलेली. पॅरिसमध्ये मात्र चेक प्रजासत्ताकाच्या आंद्रेया ह्लावाच्कोव्हा आणि लुसी ह्रादेच्का यांनी त्यांना दोन सेटमध्ये हरवलं. हीही नावं लक्षात ठेवा.

सानियाचा जन्म मुंबईचा, टेनिस हैदराबादचं. २००७ मध्ये ती एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २७व्या स्थानापर्यंत पोचली होती. भारताची दुसरी कुठलीही मुलगी तिथवर गेली नव्हती. पण शरीर साथ देईना. २००८ मध्ये उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली, आणि सानियाचा सगळा फोरहँड त्याच मनगटाच्या झटक्यावर उभा. पुढे तिनं एकेरी सोडली आणि दुहेरी धरली. ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा; त्यांतली मिश्र दुहेरीची तीन विजेतेपदं तिच्या नावावर जमली, महेश भूपतीबरोबर दोन आणि ब्रुनो सोआरेसबरोबर एक. महिला दुहेरीचं मात्र एकही नाही. पॅरिसची ती रुखरुख तशीच राहिली.

अनेकांना वाटतं, एकेरीत जमेना म्हणून खेळतात ती दुहेरी. मला हे कधीच पटलं नाही. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. म्हणजे रुंदी वाढते एक तृतीयांशच, पण माणसं होतात दुप्पट. एकेरीत जो फटका हमखास गुण देऊन जातो, तो इथे नेटजवळ उभी असलेली खेळाडू मध्येच उचलते. त्यामुळे मोकळी जागा आयती मिळत नाही, ती तयार करावी लागते. आणि ती एकटीला करता येत नाही.

(दृश्य: नेटजवळ उभ्या खेळाडूची पाठ. कॅमेरा जवळ, आणखी जवळ. पाठीमागे घेतलेला डावा हात.)

हा हात बघा. जोडीदार सर्व्हिस करायला मागे उभी आहे. ही नेटसमोर किंचित वाकून उभी आहे आणि तिनं मोकळा हात कमरेमागे नेलाय. मूठ, बोट, उघडा पंजा. कुठल्या खुणेचा काय अर्थ, ते प्रत्येक जोडी आपसात ठरवते. सर्व्हिस कुठे टाक, चेंडू परत आला की मी आडवी धावणार की जागेवर थांबणार, हे सगळं त्या एका हातात असतं. समोरच्यांना तो दिसत नाही. मागचीला दिसतो, आणि ती विश्वास ठेवून सर्व्हिस करते. बोटानं सांगितलं एक आणि पायांनी केलं दुसरं, तर अर्धं कोर्ट उघडं पडतं.

आता हिंगीस. १९९६ मध्ये तिनं हेलेना सुकोव्हाबरोबर विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. ग्रँड स्लॅम जिंकणारी इतक्या लहान वयाची खेळाडू आजवर दुसरी नाही. पुढच्याच वर्षी तिनं इथे एकेरी जिंकली. १९९८ मध्ये पुन्हा दुहेरी, याना नोव्होत्नाबरोबर. मग दुखापती, निवृत्ती, पुनरागमन, पुन्हा निवृत्ती. २०१३ मध्ये ती परतली ती दुहेरीसाठी. आता ताकद पूर्वीची नव्हती, नजर मात्र तीच. चेंडू कुठे पडणार हे तिला इतरांच्या आधी कळायचं.

मार्च २०१५ मध्ये दोघी एकत्र आल्या. कोर्टची उजवी बाजू सानियाची, तिथून तो जबरी फोरहँड. डावी बाजू हिंगीसची, तिथून बॅकहँड आणि नेटवरची हातचलाखी. सानियानं मागून तोफ डागायची, परत येणारा दुबळा चेंडू हिंगीसनं पुढे संपवायचा. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन, लागोपाठ तीन स्पर्धा त्यांनी जिंकल्या. चार्ल्सटननंतर सानिया दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिली आली. भारताची एखादी महिला टेनिसमध्ये क्रमांक एकवर पोचल्याची ही पहिलीच वेळ. इंडियन वेल्स आणि मायामीच्या अंतिम फेरीत हरलेली जोडी कोणती? माकारोव्हा आणि वेस्निना.

(दृश्य: पुन्हा सेंटर कोर्ट. उजेड आणखी कमी.)

म्हणून त्या संध्याकाळी समोरची जोडी नवखी नव्हती, आणि घाबरलेली तर मुळीच नव्हती. सानिया-हिंगीस यांना पहिलं मानांकन, यांना दुसरं. माकारोव्हा डावखुरी, त्यामुळे तिची सर्व्हिस उलट्या बाजूला वळते. आणि वेस्निनाला सानियाचा खेळ जोडीदाराच्या जागेवरून पाठ झालेला. सानियालाही वेस्निनाचा तसाच.

५-२ चं ५-३ झालं. मग ५-४. मग ५-५.

त्या काळी विम्बल्डनच्या निर्णायक सेटला टायब्रेक नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं, आणि इथे तर चेंडू दिसेनासा होऊ लागलेला. खेळ थांबवण्यात आला. सेंटर कोर्टचं छत सरकू लागलं, दिवे लागले.

मला त्या संध्याकाळचा हाच तुकडा सगळ्यात जास्त आठवतो. लागोपाठ तीन गेम जिंकून तुम्ही बरोबरी साधलीय, हात गरम आहेत, समोरच्यांचा धीर सुटत चाललाय, आणि नेमकं तेव्हाच थांबा म्हणतात. अशा खंडानंतर भल्याभल्यांची लय तुटते. सावरायला उसंत हवी होती ती रशियन जोडीला, आणि ती मिळालीही त्यांनाच. मी मनातल्या मनात सामना गेला असं धरलं होतं.

छत मिटलं. खेळ सुरू झाला. सानिया-हिंगीस यांनी समोरची सर्व्हिस भेदली, म्हणजे त्यांच्या सर्व्हिसचा गेम जिंकला, ६-५. मग आपली राखली, ७-५.

(दृश्य: रॅकेट सोडून एकमेकींकडे धावणाऱ्या दोघी. निवेदन काही क्षण थांबतं.)

५-७, ७-६, ७-५. महिला दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारी सानिया ही पहिली भारतीय. १९९८ नंतर हिंगीस विम्बल्डनमध्ये पहिल्यांदाच जिंकली, सतरा वर्षांनी. दुसऱ्या दिवशी तिनं लिअँडर पेसबरोबर मिश्र दुहेरीही जिंकली.

सप्टेंबरपासून या जोडीला कुणी अडवू शकेना. आधी अमेरिकन ओपन, मग ग्वांगझू, वुहान, बीजिंग, आणि वर्षाअखेरची सिंगापूरची स्पर्धा. जानेवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी, आणि समोर ह्लावाच्कोव्हा आणि ह्रादेच्का. पॅरिसच्याच त्या दोघी. यावेळी सानिया जिंकली, ७-६, ६-३.

सलग विजयांचा आकडा चढत चढत ४१ वर गेला. त्याच्या पुढे १९९० मधला ४४ विजयांचा विक्रम उभा होता. तो होता नोव्होत्ना आणि सुकोव्हा यांचा, म्हणजे लहानपणी हिंगीसनं ज्या दोघींबरोबर विम्बल्डन जिंकलं त्यांचाच.

फेब्रुवारी २०१६, दोहा, उपांत्यपूर्व फेरी. पहिला सेट सानिया-हिंगीस यांनी ६-२ असा सहज घेतला. दुसरा ४-६ असा गेला. ग्रँड स्लॅमबाहेर दुहेरीत तिसरा सेट नसतो, दहा गुणांचा टायब्रेक असतो. तो ५-१० असा गेला आणि मालिका तुटली. समोर होती अठरा वर्षांची दारिया कासात्किना, आणि तिच्या शेजारी एलेना वेस्निना.

ऑगस्टमध्ये सानिया आणि हिंगीस वेगळ्या झाल्या. चौदा विजेतेपदं झाली होती. त्याच महिन्यात सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत त्या नेटच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. सानियाबरोबर बार्बोरा स्ट्रायकोव्हा, हिंगीसबरोबर कोको वँडवेघे. तोवर दोघी मिळून पहिल्या क्रमांकावर होत्या. सानिया ७-५, ६-४ अशी जिंकली आणि त्या जागेवर ती एकटी उरली.

वर्ष संपता संपता सिंगापूरला त्या पुन्हा एका बाजूला आल्या, फक्त त्या स्पर्धेपुरत्या. उपांत्य सामन्यात पहिला सेट जिंकला, दुसरा गमावला, टायब्रेक ६-१० असा हातचा गेला.

(दृश्य: सामन्यानंतरचं नेट. चार हात एकमेकांत.)

नेटपलीकडून हात पुढे करणाऱ्या दोघी होत्या माकारोव्हा आणि वेस्निना.