तडा आणि कोरडा कागद

(दृश्य: काचेवरची बारीक रेष, अगदी जवळून)

ही रेष नीट पाहा. जाडी केसाएवढी. नख फिरवलं तर किंचित अडतं. माशांच्या टाकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून ती तिरकी वर चढली आहे, आणि तिच्या तळाशी पाण्याचा एक थेंब जमला आहे. तो पुसा. पाच मिनिटांत पुन्हा येतो.

टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. काठोकाठ भरली तर साधारण १८२ लिटर पाणी, म्हणजे १८२ किलो. हे वजन तळ पेलतो. पण उभ्या काचांनाही सुटका नाही, पाणी त्यांना बाहेर ढकलत असतं. या समोरच्या काचेवरचा जोर हिशेबाने सुमारे ९१ किलो भरतो. एखादा धिप्पाड माणूस रात्रंदिवस त्या काचेला रेलून बसावा तसा. आणि हा दाब तळाकडे वाढत जातो. आपला तडा नेमका तिथेच आहे.

म्हणून काच सांधायच्या सिलिकॉनच्या शोधात धावू नका. आधी पाणी उतरवा.

त्याही आधी हीटर बंद करा आणि पाण्यातच थोडा वेळ निवू द्या. तापलेला हीटर उघडा पडला तर त्याची काच फुटू शकते. मासे त्यांच्याच पाण्यासह स्वच्छ टबात हलवा. या टबाला कधी साबण लागलेला नसावा. फिल्टरचा स्पंजही त्याच टबात जाऊ द्या, आणि फिल्टर तिथेच चालू करा. हा स्पंज वाळू देऊ नका, नळाखाली धुऊ नका. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जीवाणू त्यात राहतात. ते मेले तर काच दुरुस्त होईल, पण मासे स्वतःच्याच अमोनियात गुदमरतील. काचेची काळजी करताना या मळकट स्पंजाचा विसर पडतो, आणि मला वाईट त्याचंच वाटतं.

टाकी पूर्ण रिकामी झाल्यावरच उचला. तळाशी चार बोटं पाणी उरलेलं असताना उचललेली टाकी पिळवटते आणि धडका जोडही सुटतो.

(दृश्य: रिकामी टाकी, कोपऱ्यावर टॉर्चचा प्रकाश)

आता ओळखायचं ते हे, की काच तडकली आहे की जोड गळतोय? दोन काचांमधल्या सिलिकॉनमधून पाणी येत असेल तर काम सोपं आहे. जुनं खरवडायचं, नवं भरायचं. आपल्याकडे मात्र काचच तडकली आहे.

धातू थोडा वाकतो आणि ताण जिरवतो. काचेला ते जमत नाही. सगळा ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो. १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने काचेवरच प्रयोग करून हे मांडलं. त्यात भर म्हणजे पाणी. तड्याच्या टोकाशी ताणलेले काचेतले रासायनिक बंध पाणी तोडत जातं. त्यामुळे ओला तडा कोरड्या तड्यापेक्षा कमी ताणातही हळूहळू पुढे सरकतो.

म्हणून तड्यावर सिलिकॉनची एक रेघ ओढून समाधान मानू नका. सिलिकॉन रबरासारखं लवचिक असतं. ते झिरपणं थांबवेल, भार पेलणार नाही. भार पेलायला काचच हवी. मोठ्या टाकीची समोरची काच असेल तर माझं मत स्पष्ट आहे. अख्खी काच बदला. टाकी लहान आणि तडा आखूड असेल, तरच काचेचं ठिगळ लावा, पुढे सांगतो तसं.

ठिगळाची काच मूळ काचेइतकी जाड, कडा घासलेल्या, आणि तड्याच्या चहूबाजूंनी किमान ५ सेंटिमीटर पुढे जाईल एवढी मोठी. ती आतूनच लावायची. आतून लावली की पाण्याचा दाब तिला मूळ काचेवर दाबून धरतो. बाहेरून लावली तर तेच पाणी तिला ढकलून काढायला बघतं.

(दृश्य: ब्लेडने खरवडणारे हात)

ठिगळाच्या जागेवरचं जुनं सिलिकॉन कणभरही ठेवू नका. घट्ट झालेल्या सिलिकॉनवर नवं धड चिकटत नाही. ब्लेडने खरवडा, मग ॲसिटोनने पुसा, आणि त्या जागेला पुन्हा बोट लावू नका. खिडक्या उघड्या असू द्या.

सिलिकॉन निवडताना डबीवरचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. शंभर टक्के सिलिकॉन हवं, बुरशीनाशक नको. न्हाणीघरासाठीच्या बऱ्याच सिलिकॉनमध्ये ते असतं, आणि ते माशांना घातक ठरतं.

सिलिकॉनचा सलग थर द्या. ठिगळ एका कडेने टेकवत आणा, म्हणजे हवा दुसऱ्या कडेने निघून जाईल. आत अडकलेला बुडबुडा म्हणजे कच्ची जागा. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते. साय धरायच्या आधीच कडा बोटाने सारख्या करून घ्या.

यापुढचं काम थांबण्याचं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, आणि तेही बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. साध्या जोडाला काही दिवस पुरतात. दोन काचांमध्ये झाकलेल्या रुंद थराच्या पोटापर्यंत ओलावा पोचायला आठवडे लागतात. व्हिनेगरसारखा वास येतोय तोवर आत ते कच्चं आहे असं धरा. ठिगळाला मी तीन आठवड्यांच्या आत पाणी लावत नाही.

(दृश्य: कोऱ्या कागदांवर ठेवलेली टाकी)

चाचणी मोकळ्या जागी, जिथे टाकी फुटली तरी कुणाला इजा होणार नाही. टाकीखाली थर्माकोल, भोवती कोरडे कागद. लेव्हल लावून बैठक तपासा. बैठक वाकडी असेल तर काचेला पीळ पडतो, आणि पहिला तडाही त्यामुळेच गेलेला असू शकतो. पाव टाकी भरा. पातळीवर खूण करा. चोवीस तास थांबा. मग अर्धी, मग पाऊण, मग पूर्ण. खुणेवरून पाणी थोडं उतरलं म्हणून घाबरू नका, वाफ होतेच. लक्ष कागदावर ठेवा.

चौथा दिवस. टाकी भरलेली, कागद कोरडा.

आता हे पाणी काढून टाकी तिच्या जागी न्यायची, क्लोरीन काढलेलं आणि टबाइतकंच उबदार पाणी भरायचं. स्पंज आधी. मासे त्याच्या मागून.