सरळ की झुलवून?

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातली ही माडी. संध्याकाळचे सात. चौघे जण सॅक्सोफोनची रीड, म्हणजे वेताची पातळ पट्टी, तोंडात धरून बसलेत. कोरडी रीड धड बोलत नाही. चार आकारांचे सॅक्सोफोन: सोप्रानो, आल्टो, टेनर आणि कोपऱ्यात धूड दिसतंय तो बॅरिटोन.

रचना या ताईंची. स्टँडवर चार कागद. पियानोवरचा सी हा स्वर एकच, पण सोप्रानो आणि टेनरच्या कागदावर तो डी म्हणून लिहायचा, आल्टो आणि बॅरिटोनच्या कागदावर ए. पहिल्या मसुद्यात एका ओळीत ताई हे विसरल्या. काय वाजलं, ते विचारू नका.

अॅडॉल्फ साक्स यांनी या वाद्याचं पेटंट पॅरिसमध्ये घेतलं 1846 साली. जॅझचा तेव्हा पत्ताही नव्हता. रशियन संगीतकार ग्लाझुनोव यांनी 1932 मध्ये चार सॅक्सोफोनसाठी रचना लिहिली, तोवर जॅझनं ते केव्हाच आपलं केलं होतं. आणि वडोदऱ्यात? इथे शास्त्रीय म्हटलं की गायक फैयाज खाँसाहेब, आणि सॅक्सोफोन म्हटलं की वरात. टेनरवाले काका लग्नाच्या बँडातूनच आलेत.

"ताई, हे सरळ वाजवू की झुलवून?"

सगळी मेख इथेच आहे.

कागदावर अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे दोन स्वर. पाश्चात्त्य शास्त्रीय वादक ते समान वाजवतो. जॅझवाला पहिला लांबवतो, दुसरा उशिरा टाकतो. मध्यलयीत साधारण दोनास एक. ताईंनी आधी दोन्ही चाली एकमेकींवर चढवल्या, वर सरळ, खाली झुलती. हे ऐका.

दुसरा स्वर एकत्र पडतच नाही. मिश्रण कसलं, चौघे चुकताहेत असंच वाटतं. खोडरबर निघालं. आता काका झुलतात तेव्हा बाकीचे तिघे लांब सूर धरून थांबतात.

पण लांब सुराला दम लागतो. तिघांनी एकदम श्वास घेतला की काका उघडे पडतात. म्हणून ताई पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा करताहेत, प्रत्येकाला वेगळ्या जागी. ही खूण अगदी स्वल्पविरामासारखी दिसते. सोप्रानोला एक, आल्टोला एक. बॅरिटोन हवा खातो, त्याला दोन.

काका आपला कागद पुढे सरकवतात.

"आणि माझा?"

"तुम्हाला कशाला, काका? वरातीत घेता तसा घ्या, सापडेल तिथे."