पिल्लाला ससा कंटाळवाणा वाटायला हवा

सगळ्यांना नमस्कार. कुत्र्यांविषयी बोलायचं म्हटलं की सभागृह भरतंच, पण आज सशांच्या काळजीपोटी एवढी मंडळी आली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. ससा आपल्याकडे अजूनही मुलांच्या हट्टापायी आणलेला प्राणी समजला जातो. प्रत्यक्षात नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षं जगतो, माणसं ओळखतो आणि घरातली रोजची वेळापत्रकं पाठ करतो.

दवाखान्यात मला नेहमी विचारतात, ‘डॉक्टर, घरी दोन ससे आहेत. आता कुत्र्याचं पिल्लू आणायचं म्हणतोय. जमेल का त्यांचं?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मोबाइलवर पाहिलेला एखादा व्हिडिओ असतो. कुत्रा पसरलाय आणि त्याच्या पोटाशी ससा बसलाय. त्या व्हिडिओतला ससा कधी खरंच निवांत असतो, पण पुष्कळदा तो भीतीने गोठलेला असतो. डोळे बाहेर आलेले, कान पाठीला चिकटलेले, शरीर जमिनीशी सपाट. आपण त्याला प्रेम म्हणतो आणि पुढे पाठवून देतो.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते. या दोघांची मैत्री व्हावी असं ध्येय ठेवू नका. पिल्लाला ससा कंटाळवाणा वाटायला हवा. घरातल्या सोफ्याकडे ते जितकं लक्ष देतं, तितकंच त्याने सशाकडे द्यावं. पुढे त्यातून जवळीक झालीच तर चांगलंच आहे, पण तिची घाई माणसांना असते, सशाला नसते.

आधी सशाची बाजू पाहू, कारण घर आधी त्याचं आहे. आपला पाळीव ससा हा स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळात राहणाऱ्या जातीचा वंशज. आपल्या माळरानावर दिसणारा ससा वेगळा. त्याची पिल्लं उघड्यावर, अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडी-बोडकी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात, ती बिळाच्या भरवशावर. संकट आलं की बिळात घुसायचं, ही त्याची हजारो वर्षांची सवय. घरात तुम्ही त्याला बीळ दिलं नाही, तर त्याच्याकडे पळायला जागाच उरत नाही. पुठ्ठ्याचं खोकं चालेल, पण त्याला दोन तोंडं हवीत. एकच तोंड असेल आणि त्यात पिल्लाने नाक घातलं, तर ते बीळ राहत नाही, सापळा होतो.

सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं, नाकासमोरचा छोटासा भाग सोडून. आपण मात्र ओळख करून द्यायची म्हणून पिल्लाचं तोंड नेमकं तिथेच नेतो. कृपा करून हे करू नका. ससा मांडीवर धरून पिल्लाला हुंगायला देणं तर त्याहून वाईट. धरलेल्या सशाला पळता येत नाही, मग तो मागचे पाय झाडतो. सशाचा सांगाडा फार हलका, शरीराच्या वजनाच्या 7 ते 8 टक्के. मांजराचा 12 ते 13 टक्के असतो. मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त ताकदीचे. त्या एका झटक्यात कमरेचा मणका मोडू शकतो आणि मागचं अंग कायमचं लुळं पडतं. कुत्र्याने दातही लावलेला नसतो.

भीतीचा दुसरा घाव पोटावर बसतो. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. घाबरलेला ससा खाणं थांबवतो, आतड्याची हालचाल मंदावते, वायू साठतो, पोट दुखतं, आणि दुखतंय म्हणून तो आणखी खात नाही. दहा-बारा तास सशाने काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजा. सकाळपर्यंत वाट पाहू नका. पिल्लू घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रोज लेंड्यांकडे लक्ष द्या. त्या बारीक होऊ लागल्या, एकमेकींना केसांनी जोडलेल्या दिसू लागल्या किंवा कमी झाल्या, तर सशाच्या आत काय चाललंय ते तुम्हाला कळतं.

आता पिल्लाकडे वळू. पिल्लू दुष्ट नसतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण काही बिघडलं की राग त्याच्यावर निघतो. शिकारीचं वागणं म्हणजे एक साखळी आहे: दिसणं, रोखून पाहणं, दबा धरणं, पाठलाग, पकड आणि चावा. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी कुत्र्यांच्या जाती घडवताना या साखळीतल्या काही कड्या बळकट केल्या, काही सैल केल्या. लॅब्रॅडॉर पाडलेले पक्षी अलगद तोंडात धरून आणण्यासाठी घडवला. बीगल हा इंग्लंडमध्ये सशांच्या मागावर सोडायचा कुत्रा, वास हेच त्याचं जग. डॅशहाउंड जर्मनीत बिळात घुसणाऱ्या जनावरांसाठी तयार केला. तुमच्या पुठ्ठ्याच्या बोगद्यात त्याला किती रस वाटेल, याची कल्पना करा.

आणि आपल्याकडचा करवानी. लातूर, सोलापूर भागातल्या लोकांना तो सांगायला नको. कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणून ओळखतात आणि 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं. अत्यंत देखणा, निष्ठावान कुत्रा, आणि मला त्याचा फार अभिमान आहे. पण तो नजरेने शिकार धरणारा आहे. माळावर पळणारा ससा पाहून सुटणं यासाठीच पिढ्यान् पिढ्या त्याची निवड झाली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, पण त्याच्या रक्तातली धाव कशी थांबेल? घरात ससे असतील तर करवानी आणि बीगल या दोन जातींबाबत मी स्पष्ट शब्दांत ‘नको’ सांगते. गावठी पिल्लाबाबत आधीच काही ठरवता येत नाही. त्याचा स्वभाव पाहावा लागतो.

जात कोणतीही असो, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आणू नका. 2017 च्या श्वानप्रजनन नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकायला बंदीच आहे. आईजवळ आणि भावंडांत राहून ते चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं, आणि सशाच्या घरात या शिक्षणाचं मोल फार आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ते बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाच्या मेंदूत ‘माझ्या जगात काय काय नेहमीचं असतं’ याची नोंद होत असते. म्हणजे घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे तुमच्या हातात आहेत. ते वाया घालवू नका.

पिल्लू येण्याच्या आधीच घराची मांडणी करा. आपल्याकडे एक गोष्ट हमखास होते आणि ती पाहून मला वाईट वाटतं. पिल्लाला हॉल मिळतो आणि सशाची रवानगी बाल्कनीत. सशाला घाम येत नाही, कानांवाटे तो उष्णता टाकतो, आणि पारा 30 च्या वर गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत बाल्कनीतला ससा दुपारी मरू शकतो. तेव्हा ससा जिथे आहे तिथेच राहू द्या. जागा बदलायचीच असेल तर पिल्लाची ठरवा. सशाच्या भागाला जाळीचं कुंपण घाला. उंची पुढे मोठ्या होणाऱ्या कुत्र्याच्या हिशेबाने ठेवा आणि गज इतके जवळ असू द्या की पिल्लाचं तोंड आत जाणार नाही. कुंपणाच्या आत जमिनीवर सतरंजी किंवा जाड चटई हवीच. गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय घसरतात. घाबरून पळताना तो घसरला तर दुखापत तर होतेच, शिवाय धडपडणारा ससा पाहून पिल्लू जास्त चेकाळतं.

पहिले काही दिवस त्यांना एकमेकांना पाहूच देऊ नका. फक्त वास. सशाच्या अंथरुणातला कापडाचा तुकडा पिल्लाच्या खाण्याजवळ ठेवा, पिल्लाचा तुकडा सशाच्या कुंपणाबाहेर. सशाच्या तोंडापाशी नको. आणि तुमचे ससे जोडीने राहत असतील तर एका सशाच्या अंगाला कुत्र्याचा वास लागून दुसरा परका होऊ शकतो, जमलेल्या जोडीत भांडण लागतं. तेव्हा पिल्लाला हात लावल्यावर हात धुऊनच सशाला जवळ घ्या.

मग पहिली भेट. पिल्लू फिरून आलेलं, खेळून दमलेलं, अर्धवट पेंगुळलेलं असावं. त्याला पट्टा लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा. ससा कुंपणात, समोर त्याचं गवत आणि जवळ त्याचं खोकं. दोन माणसं लागतील, एक पिल्लाकडे पाहणारं, दुसरं सशाकडे. पिल्लाने सशाकडे पाहिलं आणि आपणहून नजर वळवली, त्या क्षणी शाबासकी आणि खाऊ. इथे लोकांची गफलत होते. पिल्लू सशाकडे एकटक पाहतंय, शेपटी हलवतंय म्हणून कौतुकाने खाऊ देतात. असं केलंत तर तुम्ही त्याला रोखून पाहायलाच शिकवता. बक्षीस नजर काढून घेण्याचं आहे. तोंड मिटलेलं, अंग ताठ, पुढचा एक पाय उचललेला, नजर खिळलेली, असं दिसलं तर न ओरडता अंतर वाढवा. आपला आवाज चढला की सशाची भीती दुप्पट होते.

आणि कधी पुढे जायचं? ते सशाला ठरवू द्या. कुत्रा खोलीत असताना ससा गवत खायला लागला, पुढे कधी कूस बदलून आडवा झाला किंवा अंग चाटत बसला, तर एक-दोन फूट अंतर कमी करा. तो पाय आपटत असेल, खोक्यातून बाहेरच येत नसेल, तर आहे तिथेच थांबा. काही घरांत हे तीन आठवड्यांत होतं, काही घरांत सहा महिने लागतात. कुंपणाशिवाय एकत्र आणायचं झालं तरी पट्टा सुटता कामा नये, आणि त्याआधी पिल्लाला ‘बस’, ‘सोड’ आणि ‘इकडे ये’ हे तीन शब्द सशाच्या समोर पाळता आले पाहिजेत. नुसत्या स्वयंपाकघरात पाळून भागत नाही.

एक उलटी शक्यताही आहे. काही सशिणी आपल्या जागेबाबत इतक्या कडक असतात की त्या पिल्लावर चालून जातात. नखाने पिल्लाच्या बुबुळाला जखम होऊ शकते. पिल्लू डोळा मिटून बसलं, पाणी गळू लागलं, तर घरातले थेंब न घालता डॉक्टरांकडे आणा.

औषधांबद्दल मात्र मी थोडी कठोर होणार आहे. पिल्लाला गोचीड-पिसवांसाठी मानेवर थेंब घालतात किंवा फवारा मारतात. त्यातल्या अनेकांत फिप्रोनिल असतं. कुत्र्याला ते चालतं, सशाला विषारी आहे. ‘दोघांना एकदमच लावून टाकलं’ म्हणून आलेले ससे मी पाहिले आहेत, झटके देत असलेले. सशाला ते लावायचं नाहीच, पण पिल्लाला लावल्यावरही अंग पूर्ण वाळेपर्यंत दोघांना दूर ठेवा, कारण ससे जवळच्याचं अंग चाटतात. तसंच पिल्लाची उरलेली अँटिबायोटिकं सशाला देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावतो. पिल्लाला वेळच्या वेळी जंतांचं औषध द्या आणि मोकाट कुत्री फिरतात अशा मैदानातलं गवत सशाला आणू नका. कुत्र्याच्या विष्ठेतून सशात जाणारा पट्टकृमी आहे.

कुत्र्याचा दात सशाला लागलाच, तर जखम बारीक आहे म्हणून हळद लावून थांबू नका. वरून दाताच्या टोकाएवढं भोक दिसतं, आत स्नायू चिरडलेले असतात, आणि भीतीच्या धक्क्याने काही तासांनीही ससा कोसळू शकतो. सशाला अंधाऱ्या, हवेशीर पेटीत ठेवून निघा, आणि सशांवर उपचार करणारा डॉक्टर आपल्या भागात कोण आहे, हे पिल्लू आणण्याच्या आधीच शोधून ठेवा. प्रत्येक दवाखान्यात सशांचा अनुभव असतोच असं नाही.

आधी आलेल्या चिठ्ठ्यांत एक प्रश्न बऱ्याच जणांचा आहे: दोघांना घरात एकटं कधी सोडता येईल? कधीच नाही. सहा-आठ महिन्यांचं होईपर्यंत अतिशय शहाणं वागणारं पिल्लू वयात येताना बदलतं, तेव्हा सराव पुन्हा मागच्या टप्प्यापासून सुरू करावा लागतो. आणि पाच वर्षं शांत राहिलेला कुत्राही, फटाका वाजल्यावर ससा किंचाळत धावला, तर त्याच्यामागे जाऊ शकतो. तुम्ही दूध आणायला खाली उतरत असाल तरी मधलं दार लावा, आणि दाराला कडी घाला, कारण मोठ्या कुत्र्याला हँडल दाबून दार उघडता येतं.