पूर्वेचा ड्रॅगन, पश्चिमेचा वाघ

नमस्कार श्रोतेहो.

दिशांचे राखणदार म्हटले की आपल्याला ऐरावतासारखे दिग्गज आठवतात. प्राचीन चीनमध्ये या कामावर हत्ती नव्हते. पूर्वेला निळसर-हिरवा ड्रॅगन, दक्षिणेला शेंदरी पक्षी, पश्चिमेला पांढरा वाघ आणि उत्तरेला काळे कासव. हे कासवही एकटे नाही. त्याच्याभोवती सापाचा विळखा असतो!

पण आकाश तर फिरते राहते. आज संध्याकाळी पूर्वेला दिसणारे तारे सहा महिन्यांनी त्याच वेळी पश्चिमेला कललेले असतात. मग ड्रॅगनला कायमची पूर्व कशी मिळाली? माझ्या मते या साऱ्या कल्पनेची किल्ली वसंतातल्या संध्याकाळी सापडते आणि ती तुम्हाला घराच्या गच्चीवरूनही पाहता येईल.

आपल्या नक्षत्रांसारखे चिनी ज्योतिर्विदांचे 28 तारकासमूह होते, प्रत्येक प्राण्याच्या वाट्याला सात. ड्रॅगनच्या शिंगाशी आपली चित्रा आहे, काळजाच्या जागी लालसर ज्येष्ठा आणि शेपटीत मूळ. चैत्र पौर्णिमेचा चंद्र चित्रेच्या आसपास असतो. म्हणजे त्या संध्याकाळी पूर्वेला चंद्र वर येतो, तेव्हा ड्रॅगननेही डोके वर काढलेले असते. त्याच वेळी पश्चिमेला मृग आणि कृत्तिका मावळतीकडे झुकतात, तो वाघ. पुनर्वसूपासून हस्तापर्यंत पसरलेला पक्षी दक्षिण आकाशात. आणि कासव? भाद्रपदांचे तारे त्याच्याकडे, ते तेव्हा क्षितिजाखाली. तिन्ही दिशा भरल्यावर उरली ती उत्तर त्याला मिळाली, असे म्हणायला हरकत नाही.

चौघे एकदम आले नसावेत. हुपेई प्रांतात 1978 मध्ये झंग राज्याच्या यी नावाच्या अधिपतीची कबर उघडली. ती इसवी सनापूर्वी 433 च्या सुमाराची. तिच्यातल्या लाखकाम केलेल्या एका पेटीच्या झाकणावर 28 समूहांची नावे गोलाकार लिहिली आहेत आणि दोन बाजूंना फक्त ड्रॅगन आणि वाघ. त्याहून जुनी गोष्ट हनान प्रांतातल्या पुयांगची. तिथे 1987 मध्ये सापडलेल्या, सहा हजार वर्षांहून जुन्या थडग्यात सांगाड्याच्या पूर्वेला शिंपल्यांचा ड्रॅगन मांडलेला होता आणि पश्चिमेला वाघ. त्यांचा ताऱ्यांशी संबंध होता का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दिशा मात्र बरोबर आहेत, हे विसरता येत नाही.

चीनमधल्या हान घराण्याच्या काळापर्यंत, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, चौकडी पक्की झाली. आरशांच्या पाठीवर, छपराच्या कौलांवर ती दिसू लागली आणि पुढे समुद्र ओलांडून जपानलाही पोहोचली. आसुका इथल्या ताकामात्सुझुका थडग्यातली रंगीत चित्रे 1972 मध्ये उजेडात आली, पण तिथे पक्षी नव्हता. थडगे लुटणाऱ्यांनी नेमकी दक्षिणेची भिंत फोडली होती. जवळच्याच किटोरा थडग्यात मात्र चौघेही सापडले. तिथला शेंदरी पक्षी पाय ताणून धावतो आहे, पंख उघडून, उडण्याच्या बेतात.