खोकं सील होण्याआधी

(दृश्य : गोदामातलं टेबल. उघडलेल्या खोक्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर.)

मशीन नवंकोरं आहे, सुरूही होतं. पण डॉक्टरांनी मिनिटाला ८ लिटर ऑक्सिजन लिहून दिलाय आणि हे मशीन देतं जास्तीत जास्त ५ लिटर. ऑर्डर घेताना "ऑक्सिजन मशीन, एक नग" एवढंच लिहिलं गेलं. पुढे सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. बिल बरोबर, पत्ता बरोबर, पॅकिंग बरोबर. पेशंटच्या उपयोगाचं मात्र काहीच पोचलं नाही.

वैद्यकीय उपकरणांची ऑर्डर बहुतेकदा अशीच फसते. चूक होते पहिल्या फोनवर, कळते पेशंटच्या खाटेपाशी. ती मधेच पकडायची तर हाताशी चेकलिस्ट हवी. दर ऑर्डरीला ती नव्यानं आठवत बसायला कुणाला वेळ असतो? म्हणून एकदाच नीट विचार करून तिची टेम्प्लेट बांधायची.

(दृश्य : कोरा तक्ता, त्याचे तीन भाग होतात.)

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा चेकलिस्ट आणली. त्यात मुद्दे अवघे १९ आणि थांबे तीन : भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंटला ऑपरेशन थिएटरबाहेर नेण्याआधी. प्रत्येक थांबा अशा जागी आहे, जिथून पुढे चूक निस्तरणं अवघड होत जातं. ऑर्डरीतही अशा जागा सापडतात. ऑर्डर पक्की करण्याआधी, खोकं सील होण्याआधी, आणि उपकरण बसवून देणारा माणूस निघण्याआधी.

पहिल्या थांब्यावर घाई नकोच. इथे उपकरणागणिक प्रश्न बदलतात. व्हीलचेअर असेल तर बसणाऱ्याचं वजन आणि सीटची रुंदी. सीपॅप (झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) असेल तर प्रिस्क्रिप्शनवरचा दाब आणि मास्कचा आकार. विजेवर चालणारं काहीही असेल तर व्होल्टेज आणि प्लगचा प्रकार. हे सगळं एकाच लांबलचक यादीत कोंबलं, की निम्म्या ओळींपुढे "लागू नाही" लिहायची सवय लागते आणि त्या ओघात लागू असलेली ओळही सुटते. सगळ्यांना सामाईक असा छोटा गाभा ठेवावा, त्याला उपकरणाप्रमाणे वेगळा भाग जोडावा.

(दृश्य : तक्त्यावर बरोबरची खूण, ती पुसून तिथे रिकामी जागा.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. "सिरियल नंबर तपासला" या ओळीपुढे खुर्चीतून न उठताही खूण करता येते. "सिरियल नंबर लिहा" म्हटलं, की खोक्यापाशी जावंच लागतं. शक्य तिथे खुणेची जागा नोंदीला द्यावी. निर्जंतुक वस्तूची मुदत, लॉट नंबर (एकत्र बनवलेल्या मालाच्या खेपेचा क्रमांक), बसवल्यावर मोजलेला ऑक्सिजनचा प्रवाह, हे सगळं लिहूनच घ्यावं.

मूळ टेम्प्लेट कुलूपबंद ठेवायची, दर ऑर्डरीला तिची प्रत काढायची. बदल करायचा अधिकार एकाच जबाबदार माणसाकडे, आणि प्रत्येक आवृत्तीवर तारीख. एखादं उपकरण परत आलं, तर कोणता प्रश्न विचारला असता म्हणजे ते परत आलं नसतं, हे शोधून तो मूळ टेम्प्लेटमध्ये घालायचा. कधीच उपयोगी न पडणारा प्रश्न काढूनही टाकायचा.

भरलेल्या प्रती जपून ठेवाव्यात. उत्पादक कंपनी एखादा सदोष लॉट परत मागवते, तेव्हा त्यातलं उपकरण कोणत्या पेशंटच्या घरी चालू आहे, हे याच नोंदींवरून कळतं आणि लगेच तिथे फोन करता येतो.