होडीतले दोन कॅमेरे

(पहाट. कुंभारगावचा काठ. होडीत चढणारी पावलं.)

फेब्रुवारी महिना, सकाळचे साडेसहा. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर आलं की भिगवण, आणि तिथून आत हे कुंभारगाव. समोर उजनी धरणाचं पाणी पसरलंय. होडी मासेमारीची आहे. हिवाळ्यात ती पक्षी बघायला आलेल्यांना घेऊन निघते. आज होडीत आत्या आणि भाचा. आत्या निवृत्त शिक्षिका, भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

(बॅगा उघडतात. जवळून.)

भाच्याच्या बॅगेतून डीएसएलआर निघतो, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा. त्यावर 150-600 मिलिमीटरची लेन्स, एकटी दोन किलोच्या आसपास. हा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. शिवाय मऊ फडक्यात गुंडाळलेली 18-55. आत्यांच्या शबनममधून निघतो निकॉनचा पी-900. हा 2015 साली बाजारात आला. वजन 899 ग्रॅम. याची लेन्स काढता येत नाही. जी आहे तीच 24 पासून 2000 मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे 83 पट झूम.

हा 2000 चा आकडा नीट समजून घेतला पाहिजे, कारण दुकानात तोच दाखवून कॅमेरा विकायचे. लेन्स प्रत्यक्षात 357 मिलिमीटरचीच आहे. पण मागचा सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा, तुरीच्या डाळीएवढा, जेमतेम सहा बाय साडेचार मिलिमीटर. इतक्या छोट्या तुकड्यावर दृश्याचा अगदी लहान भाग मावतो, म्हणून तो 2000 च्या लेन्सएवढा जवळ वाटतो. भाच्याच्या कॅमेऱ्यातला सेन्सर पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे. क्षेत्रफळात जवळजवळ 13 पट.

(पाण्यावर धुकं. काळसर आकृत्या.)

आत्ता, उजाडता उजाडता, तो फरक दिसतोय. पडद्यावर डावीकडे आत्यांचा फोटो: बगळा ओळखू येतो, पण पिसांचा पार चिखल झालाय. उजवीकडे भाच्याचा: मानेवरची रेघ न् रेघ. अंधारात मोठ्या सेन्सरला तोड नाही, हे मान्यच करायला हवं.

(सूर्य वर येतो. भाचा लेन्स बदलतोय.)

भाच्याला आता सगळा जलाशय एका फोटोत हवाय. त्याचे हात बघा. वाऱ्याकडे पाठ. कॅमेऱ्याचं तोंड खाली, म्हणजे आत धूळ पडणार नाही. मोठी लेन्स फिरवून काढली, गुडघ्यात धरली. छोटीचं मागचं झाकण दातात. ठिपक्याला ठिपका जुळवला, टक्‌ असा आवाज आला. आता मोठीला झाकण. होडी हलतेय, आणि खाली पाणीच पाणी. हे सगळं अर्ध्या मिनिटात त्यानं सफाईनं केलं, पण तेवढ्यात एक मोरघार डोक्यावरून गेली. आत्यांनी बोटानं झूमचा खटका मागे ओढला, जलाशय टिपला, पुढे ढकलला आणि घारही टिपली.

हौशी माणसाला सर्रास सल्ला मिळतो, 'घ्यायचा तर खरा कॅमेरा घे.' मलाही मिळाला होता. दुकानदारानं 18-55 आणि 70-300 अशा दोन लेन्स बांधून दिल्या. पक्ष्यांना 300 पुरेना, पुढच्या लेन्सला पैसे नव्हते. दोन वर्षं ती बॅग कपाटात पडून होती. म्हणून मी हे जीव तोडून सांगतोय: लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेताना पुढच्या लेन्सचे पैसेही आजच मोजा. ते जमणार नसेल, तर एकाच लेन्सच्या कॅमेऱ्याला कमी लेखू नका.

(रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पाण्यावरून धावत उडणारा थवा.)

रोहित पाण्यावर धावत धावत उडतात. पंख उघडले की आतला गुलाबी आणि काळा रंग दिसतो. आत्यांचा कॅमेरा सेकंदाला सात फोटो काढतो, पण सातच. मग थांबतो, कार्डावर लिहीत बसतो. थवा तोवर निघून जातो. भाच्याचा शटर वाजतच राहिलाय. पाखरू उडतानाच टिपायचं असेल, तर वजन उचलायची तयारी हवी. मधला मार्गही आहे. एक इंची सेन्सरचा, 24 ते 600 चा सोनीचा आरएक्स-10, त्याची चौथी आवृत्ती 2017 ची. तो उडत्या पक्ष्याला छान पकडतो, पण किंमत बऱ्याच डीएसएलआरच्या वर होती.

(दूरचं बेट. पट्टकादंब या रानहंसांचा कळप.)

नावाडी दादा वल्हं थांबवतात. "मॅडम, त्या टेकाडावर बघा. कुणाच्या गळ्यात पट्टा हाय का?"

हे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. मंगोलियात संशोधकांनी काहींच्या गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातलेत, आणि असे पक्षी भारतात दिसलेले आहेत. तो क्रमांक वाचता आला, तर पक्षी कुठून निघाला ते कळतं. त्यासाठी फोटो सुंदर नसला तरी चालतो, अक्षर वाचता आलं पाहिजे. होडी आणखी पुढे नेली तर कळप उठेल.

आत्या पूर्ण 2000 वर जातात. चौकट थरथरते, पक्षी निसटतो. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, ते त्या दाबून धरतात. चौकट क्षणात रुंद होते, कळप सापडतो, बटण सोडलं की झूम परत जागेवर. कोपर होडीच्या काठावर, श्वास रोखलेला.

"आत्या, मला काहीच दिसत नाहीये," भाचा म्हणतो. त्याच्या 600 मध्ये नुसते ठिपके आहेत. तो स्वतःचा कॅमेरा मांडीवर ठेवून आत्यांच्या पडद्यावर वाकतो.

घाई करावी लागेल. दहानंतर पाण्यावरची हवा तापली, की झूम कितीही असो, सगळं लाटांसारखं हलायला लागतं.

एकेक मान. डोक्यावरच्या दोन काळ्या रेघा. भाचा मोजतोय, आत्या कॅमेरा सरकवतायत. सदतीस पक्षी. पट्टा एकाच्याही गळ्यात नाही.

आत्या वही काढतात. तारीख, वेळ, ठिकाण, सदतीस. आणि पुढे, 'पट्टा नाही.'