घाट आधी, शहरं नंतर : मोरोक्कोच्या खुष्कीच्या सहलीची आखणी

नमस्कार मंडळी. आज समोर दोन प्रकारचे श्रोते आहेत. काही जण मोरोक्कोला गट घेऊन जाणारे सहलप्रमुख आहेत, आणि काही जण पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका नीट वाचता यावी म्हणून आलेले प्रवासी आहेत. दोघांनाही एकच गोष्ट सांगायची आहे. मोरोक्कोची सहल शहरांवरून आखली की फसते. ती घाटांवरून आखायची.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. वायव्येला अटलांटिक महासागर. कासाब्लांका, रबात, मेकनेस, फेझ, मराकेश ही सगळी मोठी शहरं त्या बाजूला. आग्नेयेला सहारा. मध्ये नैऋत्येकडून ईशान्येकडे गेलेल्या अॅटलासच्या रांगा. समुद्रावरून येणारा पाऊस अलीकडच्या उतारांवर पडतो आणि पलीकडे जमीन कोरडी राहते. महाबळेश्वराकडून माण-खटावकडे जाताना आपल्याला जे दिसतं तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. वाळवंट पाहायचं म्हणजे हा डोंगर एकदा जाताना आणि एकदा येताना ओलांडायचा. घाट असे : जाताना कोल दू झाद २१७८ मीटर आणि तिझी न ताल्घेम्त १९०७ मीटर, येताना तिझी न तिश्का २२६० मीटर. या उंचीवर श्वासाचा त्रास सहसा होत नाही. त्रास होतो तो वळणांचा, थंडीचा आणि बर्फाचा. हिवाळ्यात बर्फ पडलं की रस्त्यावरचे अडसर खाली येतात आणि गाड्या थांबतात. तास दोन तासही थांबतात, कधी त्याहून जास्त. म्हणून पहिला नियम असा की प्रत्येक घाट दिवसाउजेडी ओलांडायचा, आणि घाटाच्या दिवशी रात्री हुकून चालणार नाही असा कुठलाही कार्यक्रम ठेवायचा नाही.

उजेडाचा हिशेबही समजून घ्या. मोरोक्कोचं घड्याळ वर्षातला बहुतेक काळ ग्रीनिचच्या एक तास पुढे असतं आणि रमजानात एक तास मागे येतं. डिसेंबरात वाळवंटाच्या काठावरच्या मेर्झुगाला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. ‘सकाळी सहाला निघू’ हे आपल्याकडचं वाक्य तिथे दोन तास अंधारातून गाडी नेणारं ठरतं.

आता मुक्काम. माझ्या मते अकरा रात्री लागतात. कासाब्लांका एक, फेझ तीन, मिदेल्त एक, मेर्झुगा दोन, दादेस खोरं एक, आइत बेन हद्दू एक, मराकेश दोन. सात रात्रींची पत्रिका हातात आली तर आधी बघा, काय कापलंय. बहुतेक वेळा मिदेल्त कापलेलं असतं आणि फेझ ते मेर्झुगा हे सुमारे पावणेपाचशे किलोमीटर एका दिवसात टाकलेले असतात. गाडीचेच आठ-नऊ तास. जेवण, चहा, स्वच्छतागृहं धरून अकरा. वय साठीपुढचं असलेला गट त्यानंतर उंटावर बसण्याच्या अवस्थेत राहत नाही. दिवस कमी असतील तर किनाऱ्यावरची शहरं कापा, हा टप्पा दोन दिवसांत विभागलेलाच ठेवा.

किनाऱ्याचं थोडक्यात सांगतो. कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद १९९३ साली पूर्ण झाली. मुस्लिमेतरांना आत जाता येतं, पण ठरलेल्या वेळच्या मार्गदर्शित फेरीतूनच, आणि शुक्रवारी या फेऱ्या कमी असतात. रबातला हसन मनोरा बघा. तो बांधायला घेणारा राजा याकूब अल-मन्सूर ११९९ मध्ये वारला आणि काम थांबलं, म्हणून मनोरा ४४ मीटरवर अर्धवट राहिला आहे. रबात ते फेझच्या वाटेवर मेकनेस आणि रोमन काळातलं व्होलुबिलिस दोन्ही येतात. दोन्ही एका दिवसात घालू नका. व्होलुबिलिसला सावली जवळजवळ नाही, त्यामुळे तिथे दुपारी बारा ते तीन नको.

फेझला मात्र तीन रात्री द्याच. जुनं शहर, म्हणजे मदिना, १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्यात मोटारी जात नाहीत. माल वाहतात खेचरं आणि हातगाड्या. मागून ‘बालाक! बालाक!’ अशी आरोळी आली की वळून बघायचं नाही, आधी भिंतीला लागायचं. खेचरावर लादलेल्या गॅसच्या टाक्या खांद्याला लागून गेल्यावर शिकण्यापेक्षा हे आदल्या रात्री सांगून ठेवलेलं बरं. वाटाड्या परवानाधारकच घ्या. त्याच्या गळ्यात अधिकृत ओळखपत्र असतं. बसचा चालक कितीही माहितगार असला तरी मदिनेत माहिती सांगणं हे त्याचं काम नाही. एका वाटाड्यामागे पंधराहून जास्त माणसं नकोत. काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तीस जणांची रांग झाली की पुढच्याचा आवाज मागच्याला जात नाही, आणि दोन वळणांत रांग तुटते. शेवटी चालायला एक माणूस नेमा. उंच भिंतींमध्ये फोनवरचा नकाशा भरकटतो, म्हणून नियम असा की चुकलेल्या माणसाने आहे तिथेच थांबायचं. तो चालू लागला की शोधणं अवघड होतं.

चौआरा इथली कातडी कमावण्याची कुंडं सकाळी दाखवा. पांढऱ्या कुंडांत चुना आणि कबुतरांची विष्ठा असते. चुन्याने केस सुटतात, विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ होतं. मग ते रंगाच्या कुंडात जातं. कुंडं बघायला मिळतात ती आसपासच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून. दुकानदार खरेदीची अपेक्षा ठेवतो, हे गटाला आधी सांगा, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. फातिमा अल-फिहरी हिने ८५९ साली स्थापलेली, असं परंपरा सांगते ती अल-करावियिन मशीद मुस्लिमेतरांना दारातूनच बघावी लागते. चौदाव्या शतकातल्या बू इनानिया मदरशात मात्र आत जाता येतं. तिथलं लाकडावरचं आणि गचावरचं कोरीवकाम बघायला अर्धा तास पुरत नाही. शुक्रवारी दुपारनंतर मदिनेतली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा फेझचा मुख्य दिवस शुक्रवार धरू नका.

राहण्याचं म्हणाल तर मदिनेत रियाद असतात, मधल्या चौकाभोवती बांधलेली जुनी घरं. सुंदर असतात, पण खोल्या आठ-दहा, जिने उंच आणि लिफ्ट बहुधा नाही. तीस जणांचा गट एका रियादमध्ये मावत नाही. गुडघेदुखीवाल्यांसाठी तळमजल्याच्या खोल्या नावानिशी राखून ठेवा. बस वेशीवर थांबते, पुढे सामान हातगाडीवरून येतं, म्हणून प्रत्येक बॅगेवर रियादचं नाव लिहिलेलं हवं.

आता फेझहून दक्षिणेचा रस्ता. माझ्या दृष्टीने सबंध सहलीचा हाच कणा आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास आपल्या दौलताबादेत येऊन गेला होता. त्याने १३५१ मध्ये फेझ सोडलं, सिजिलमासा गाठलं आणि १३५२ च्या फेब्रुवारीत तिथून तांड्याबरोबर सहारा ओलांडायला निघाला. पंचवीस दिवसांनी तो तघाझाच्या मिठाच्या खाणींवर पोचला. दक्षिणेचं सोनं उत्तरेला आणि मीठ दक्षिणेला, हा व्यापार ज्या गावावर चालायचा त्या सिजिलमासाचे अवशेष आज रिसानीच्या कडेला आहेत. म्हणजे फेझची ती मदरसे-मशिदी उभी करणारी संपत्ती ज्या वाटांनी आली, त्यांपैकी एका वाटेवरून आपली बस उलट दिशेने जाते. हे बसमध्ये बसल्या-बसल्या आधी सांगितलं, तर लोक झोपत नाहीत, खिडकीबाहेर बघतात.

फेझहून साधारण पासष्ट किलोमीटरवर इफ्रान, फ्रेंचांनी १९२९ मध्ये वसवलेलं, उतरत्या छपरांचं गाव. पुढे अझ्रूजवळ देवदाराच्या कुळातल्या सीडारचं जंगल आणि बार्बरी माकडं. त्यांना दाणे घालू देऊ नका. माकडं रस्त्यावर येतात, आजारी पडतात आणि चावतात. मग कोल दू झाद, आणि संध्याकाळच्या आत मिदेल्त. सफरचंदांचं हे गाव सुमारे दीड हजार मीटरवर आहे, रात्री गरम कपडे वरच्या बॅगेत हवेत. दुसऱ्या दिवशी ताल्घेम्त ओलांडलं की झीझ नदीची घळ लागते. एर्राशिदियानंतर रस्त्याच्या उजव्या-डाव्या हाताला उघडं पठार आणि एकदम खाली खजुरीचा हिरवा पट्टा. या ताफिलाल्त भागातूनच मेजूल खजुराची रोपं १९२७ मध्ये अमेरिकेला गेली. अर्फूदला जीवाश्मांची दुकानं आहेत. कापून घासलेल्या दगडातले शंख बहुधा खरे असतात. काटेरी, फार सुबक ट्रायलोबाइट, म्हणजे नामशेष समुद्री जीवाचा जीवाश्म, स्वस्तात मिळत असेल तर तो राळेत ओतलेला असण्याची शक्यता मोठी. रोख पैसे अर्फूद किंवा रिसानीतच काढून घ्या.

मेर्झुगाजवळची एर्ग शेब्बी ही वाळूच्या टेकड्यांची रांग आहे, सर्वांत उंच टेकड्या दीडशे मीटरच्या आसपास. दोन रात्री धरल्या त्या अशासाठी की एक वाळूच्या काठावरच्या हॉटेलात आणि एक आत तंबूत. बसला उशीर झाला किंवा वारा सुटला तर अदलाबदल करता येते. वसंतात वाळूची वादळं येतात. तेव्हा तंबूतच थांबायचं, जीपने बाहेर पडायचं नाही, कारण चाकोऱ्या मिनिटांत बुजतात. जुलै-ऑगस्टला पारा ४५ च्या पुढे जातो, त्या महिन्यांत गट नेऊ नये. जानेवारीत रात्री शून्याजवळ. मार्चअखेर ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस बरे, फक्त रमजान कधी येतो ते दरवर्षी तपासा, तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी सरकतो आणि त्या महिन्यात दिवसा वाटेवरची खानावळ सहसा उघडी मिळत नाही.

उंटावर सूर्यास्ताच्या दीड तास आधी बसवा. उंट उठताना मागचे पाय आधी उभे करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही पुढेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगिराचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा. अपघात होतात ते याच क्षणी एका हातात फोन असला की. मणक्याचं किंवा कंबरेचं दुखणं असलेल्यांनी जीपनेच जावं, यात काही कमीपणा नाही. पायघोळ कपडे, डोक्याला तीन-चार मीटरचं सुती कापड, आणि एका रात्रीपुरती पाठपिशवी. चाकांच्या बॅगा वाळूत चालत नाहीत, त्या बसमध्येच राहू द्या. कॅमेऱ्याची लेन्स तंबूबाहेर बदलायची नाही.

परतीला अर्फूदहून तिनजदादच्या रस्त्याला लागलात की वारुळांसारखे मातीचे ढीग ओळीने दिसतात. तिथे बस थांबवा. हे खेत्तारांचे, म्हणजे भुयारी पाटांचे, उच्छ्वास आहेत. डोंगरपायथ्याचं भूजल हलक्या उताराच्या बोगद्यातून, पंपाशिवाय, शेतापर्यंत आणायचं, आणि बोगदा खणायला नि साफ करायला ठरावीक अंतरावर विहिरी काढायच्या. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तंत्र लगेच उमगेल. पंप आले, पाणी खाली गेलं, बऱ्याच खेत्तारा कोरड्या पडल्या. तिनघीरजवळची तोद्राची घळ, जवळजवळ तीनशे मीटरच्या कड्यांची, सकाळी उशिरा पाहावी, ऊन आत उतरतं. इथे आणि दादेसमध्ये वर आभाळ निरभ्र असलं तरी डोंगरात पाऊस झालेला असेल तर कोरडी नदी अचानक भरते. सप्टेंबर २०२४ मध्ये या आग्नेय भागात असे पूर आले. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर चालकाला ‘जाऊ दे’ म्हणून आग्रह करू नका.

शाकाहारी मंडळींसाठी मुद्दाम सांगतो. ‘भाज्यांचं ताजिन’ मटणाच्या रश्श्यात शिजवलेलं असू शकतं, हरिरा सूपमध्येही बहुधा मांस असतं. तिथल्या अरबीच्या दारिजा बोलीत ‘ब्ला ल्हम, ब्ला जाज’ म्हणजे मटण नको, कोंबडी नको, आणि रस्साही नको हे वाटाड्याकडून आदल्या दिवशी फोनवर कळवून ठेवा. झालूक हे वांग्याचं भरीत, बिसारा हे बाकल्याचं दाट कढण, मसमेन पोळ्या, ऑलिव्ह, यांवर पोट चांगलं भरतं.

आइत बेन हद्दूला मुक्काम करा. दुपारी मराकेशहून येणारे गट परतल्यावर मातीच्या या गढीचा रंग संध्याकाळी दिसतो, आणि दुसऱ्या सकाळी ताज्या दमाने तिश्का घाट घेता येतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर नाही. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाने या डोंगरातली खेडी उद्ध्वस्त झाली. ढासळलेली घरं दिसतील, तिथे उतरून फोटो काढू नका. मराकेशला पोचायला दुपार होते. जमा अल-फ्ना चौकात सूर्यास्तानंतर जा. साप आणि माकडं घेऊन बसलेल्यांचे फोटो काढले की पैसे मागतात, तेव्हा रक्कम आधी ठरवा. परतीचं विमान कासाब्लांकाहून सकाळी असेल तर दुसरी रात्र मराकेशला घालवू नका. ते सुमारे अडीचशे किलोमीटर आहेत, रात्रीच कासाब्लांका गाठा. शिल्लक दिऱ्हाम विमानतळावर बदलताना आधी पैसे काढल्याची पावती मागू शकतात, ती जपून ठेवा.